प्रमिलाताईंच्या पणज्या

प्रमिलाताई गावंडांच्या दारात उभ्या राहणाऱ्या माणसाला पाणी मिळतं, चहा मिळतो, जेवायची वेळ असेल तर ताटही मिळतं. पण त्याआधी एक प्रश्न मिळतो.

"तुमच्या पणजीचं नाव काय?"

पणजोबांचं सांगायला गेलात तर त्या ट्रॅफिक हवालदारासारखा तळहात पुढे करतात. "पणजोबा राहू द्या. ते सगळ्यांना पाठ असतात. पणजी. आणि सासरचं नाव नको, माहेरचं."

करंजाड्यातल्या आमच्या इमारतीत या प्रश्नातून सुटलेला माणूस नाही. गॅसवाल्याला त्यांनी तो विचारलाय, भरलेलं सिलिंडर त्याच्या खांद्यावर असताना. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला विचारलाय, तो अर्धा खड्ड्यात आणि अर्धा बाहेर असताना. मत मागायला आलेल्या एका उमेदवाराला विचारला, तेव्हा तो सवयीने "नक्की करून टाकू, ताई" म्हणाला आणि हात जोडून पुढच्या दाराकडे वळला. झटकन उत्तर दिलं ते एकट्या कुरिअरवाल्या आसिफने. "परनानी? जुलेखाबी. तिच्या हातच्या बिर्याणीचं नाव उरणमध्ये अजून काढतात." ताईंनी त्याला आत बसवून सरबत दिलं, आणि पुढे कितीतरी दिवस आम्हाला जिन्यात अडवून सांगत होत्या, "शिका जरा त्या आसिफकडून!"

मी त्यांच्या घराच्या अगदी वरच्या मजल्यावर राहतो. आमच्या बाथरूमचं पाणी त्यांच्या छतातून गळायला लागलं म्हणून मान खाली घालून त्यांच्याकडे गेलो, तीच आमची पहिली भेट. गळतीबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. प्रश्न मात्र आला. मी म्हटलं, "पणजीचं नाव... विचारून सांगतो." त्यावर त्या म्हणाल्या, "लाइनवर आहे मी. सावकाश विचारा."

हे "लाइनवर आहे मी" त्यांच्या नोकरीतून आलेलं. ताई पनवेलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. मूळच्या मिरजेच्या. इथे नोकरीला आल्या आणि एक्स्चेंजमधल्याच गावंडांशी लग्न करून इथल्याच झाल्या. गावंड जाऊन आता बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. आतल्या खोलीत नव्वदी गाठलेल्या सासूबाई, लक्ष्मीबाई, असतात एवढं आम्हाला माहीत होतं. त्यांचा आवाज मात्र कुणी कधी ऐकला नव्हता.

ताईंचा आवाज आजही ऑपरेटरचाच आहे. गोड, स्वच्छ, आणि समोरच्याला आपोआप सरळ बसवणारा. जगातल्या सगळ्या गोष्टी त्यांना त्याच भाषेत समजतात. आठवत नसेल तर "एंगेज आहे." माणूस अर्धवट बोलून गेला तर "मध्येच कट झाला." आणि हवं ते सापडलं की दोन्ही हात टेबलावर आपटून, "लागली! लाइन लागली!"

त्यांच्या लाइनी लागतात त्या जेवणाच्या टेबलावर. दुपारी भांडी आवरली की लोणच्याच्या बरणीला टेकवून त्या टॅब उभा करतात, चष्म्यावर चष्मा चढवतात, आणि मुंबईतल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाच्या संकेतस्थळात शिरतात. त्या वाचनालयाने आपल्याकडची जुनी साप्ताहिकं, मासिकं, गॅझेटं, डिरेक्टऱ्या असं सगळं स्कॅन करून ठेवलंय. सभासदाला ते घरबसल्या वाचता येतं. अट एकच होती, सभासद व्हायला एकदा प्रत्यक्ष जायचं. ताईंनी फोन लावला. पलीकडच्या बाईंनी नियम सांगितला. ताई म्हणाल्या, "होल्ड करा हं," आणि शांत राहिल्या. ऑपरेटरने होल्ड करा म्हटल्यावर कोण फोन ठेवतो? बऱ्याच वेळाने पलीकडून आवाज आला, "बरं, कागदपत्रं मेल करा." हा प्रसंग त्या लढाई जिंकल्यासारखा सांगतात.

त्यांचं शोधकाम बघायला मी आधी गंमत म्हणून बसायचो. एक दिवस बघतो तर त्या शोधाच्या चौकटीत "यमुनावाई" असं टाइप करत होत्या.

"ताई, बाई लिहायचंय ना?"

"बाई लिहून काही मिळत नाही. जुन्या छपाईत ब चं पोट पुसट असतं. मशीन त्याला व वाचतं. सगळ्या बायांचं यानं वाई करून टाकलंय." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मशीनला बाई दिसतच नाही हो. शिकवलंय कुणी, बघा."

या वाईपायी त्यांना सातारा जिल्ह्यातल्या वाई गावच्या शंभर वर्षांपूर्वीच्या बातम्या फुकटात वाचाव्या लागल्या. तिथला घाट, तिथली नाटकं, तिथली कुणाकुणाची भांडणं. वाईचा माणूस भेटला तर त्या त्याला त्याच्याच गावाची अशी माहिती देतील की तो घाबरून पत्ता बदलेल.

स्कॅनच्या पानांवर कधीकधी पान धरणाऱ्याचा अंगठा आलेला असतो. ताई त्याला ओळखतात. "हे आमचे अंगठेसाहेब. नखाला डाग आहे बघा. या माणसानं एकेक पान उलटलंय. मी तर रोज नमस्कार करते." आणि खरोखर करतात.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पाटील. इथल्याच गावातले. बापजाद्यांची भातशेती होती, तिच्यावर आता इमारती उभ्या आहेत, त्यातली एक आमची. पाटलांच्या दिवाणखान्यात त्यांची वंशावळ भिंतभर लावलेली आहे, झाडाच्या आकाराची, सोनेरी चौकटीत. वार्षिक सभेनंतर सगळ्यांना चहाला बोलावलं तेव्हा ते ताईंना कौतुकाने ती दाखवायला लागले. ताईंनी खालपासून वरपर्यंत बोट फिरवलं.

"बायका कुठायत?"

"अवो ताई, वंशावळ हाय ही."

"म्हणजे तुमच्या घराण्यात इतक्या पिढ्या पुरुषांनीच पुरुष जन्माला घातले?"

चहाचे कप हातात धरून आम्ही सगळे छताकडे बघायला लागलो. पाटील लाल झाले. त्यानंतर पाटील ताईंचा विषय निघाला की "त्या डोक्यानं जरा ह्या हायत" असं म्हणायचे. आणि खोटं कशाला बोलू, आम्हालाही तसंच वाटायचं.

मला तसं वाटायचं थांबलं ते माझ्याच पणजीमुळे.

आम्ही सुतार. जुन्या काळी पनवेलच्या बैलगाडीच्या चाकांना मोठं नाव होतं, आणि माझ्या पणजोबांचा चाकांचा कारखाना होता. पणजोबा तरुणपणीच गेले. पुढे कारखाना चालला तो माझ्या आजोबांनी लहान वयात खांद्यावर घेतला म्हणून, असं आमच्या घरात सांगत. आजोबांच्या फोटोला हार घालताना दर वर्षी ही गोष्ट व्हायची. मी ती, पणजीच्या यमुनाबाई या सासरच्या नावासकट, ताईंना सांगितली होती. त्यांनी एवढंच विचारलं, "लहान म्हणजे किती लहान?"

एका रविवारी खालून पाइपवर ठणठण वाजलं. हा आमचा ठरलेला इशारा. खाली गेलो. ताईंचे दोन्ही हात टेबलावर होते.

"लागली लाइन. बसा."

एका जुन्या साप्ताहिकातली जाहिरात होती. कोपऱ्यातली, बोटभर. आधी मला काही वाचता येईना. मग हळूहळू अक्षरं जमली. आमच्या पणजोबांचं नाव होतं. ते वारल्याचं लिहिलं होतं. कारखाना बंद पडल्याची आवई उठली आहे, ती खोटी आहे, असं पुढे होतं. चाकं पूर्वीसारखीच मिळतील आणि सागाच्या लाकडाची पारख आपण स्वतः करतो, असं बजावलं होतं. खाली नाव होतं, यमुनाबाई. छापील ब चं पोट पुसट झालेलं.

मी किती वेळ ते नाव बघत बसलो कोण जाणे. घरात या बाईचा फोटो नव्हता. वर्षश्राद्धाला नाव घ्यायचे ते सगळे पुरुष. आणि ही बाई भर बाजाराला सांगत होती की लाकूड मी बघते.

मी तिथूनच वडिलांना फोन लावला. ते ऐकून म्हणाले, "लहानपणी ती आम्हाला जवळ घ्यायची, तेव्हा तिचे हात टोचायचे रे. घट्टे होते हातांना. आम्हाला वाटायचं, भांडी घासून पडले असतील."

फोन ठेवला तर ताई स्वयंपाकघरात गेल्या होत्या. मला एकट्याला बसू दिलं होतं त्यांनी. थोड्या वेळाने चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "माहेरचं नाव अजून बाकी आहे हं. लाइन सोडू नका."

त्या दिवसापासून मी त्यांना वेडं म्हणायचं सोडलं. जेवणाच्या टेबलाशी बसून, लोणच्याच्या बरणीच्या आधाराने, एक बाई मेलेल्या बायांना अंधारातून बाहेर काढते, याचं मला भय वाटावं इतकं नवल वाटायला लागलं. त्यांनी चौथ्या मजल्यावरच्या जोश्यांची पणजी काढली, ती सुईण होती. वॉचमनची आजी काढली. सगळ्यांच्या बाया काढल्या. मी एकदा म्हटलं, "ताई, एकदा त्या वाचनालयात जाऊन तरी या. मी नेतो गाडीतून. अंगठेसाहेब भेटतील." त्या हसल्या. "नको. इथनंच बरं." त्या कुठेच जात नाहीत हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. भाजीसुद्धा खालून टोपलीत वर ओढून घ्यायच्या. आम्ही समजत होतो, गुडघे दुखत असतील.

मागच्या हिवाळ्यात एका सुट्टीच्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत शिरलो तर टेबलाशी कुणी नव्हतं. आतल्या खोलीतून ताईंचा आवाज येत होता, तोच ऑपरेटरचा, गोड आणि स्वच्छ.

"मंजुळा... मंजुळा, ऐकू येतंय का?"

मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, "मंजुळाबाई?"

मी परत फिरणार एवढ्यात त्यांनी मला पाहिलं आणि आत बोलावलं. खिडकीशी खाटेवर लक्ष्मीबाई बसल्या होत्या. एवढीशी मूर्ती, नीट विंचरलेले पांढरे केस, धुतलेलं पातळ. नजर बाहेर कुठेतरी. आम्ही दोघं तिथे असल्याची त्यांना खबर नव्हती.

"दोन वर्षं झाली," ताई म्हणाल्या. "आधी माणसं विसरल्या, मग बोलणं सुटलं. आई म्हटलं तरी बघत नाहीत. लक्ष्मीबाई म्हटलं तरी नाहीत. डॉक्टर म्हणाले, या दुखण्यात अलीकडचं पुसत जातं, लहानपणचं शेवटपर्यंत राहतं. मी घरी येऊन विचार केला. लक्ष्मी हे तरी कुठलं लहानपणचं? ते लग्नात ठेवलेलं. त्या मागे निघून गेल्यात, माहेरी. तिथं त्यांना लक्ष्मी कोण म्हणणार?"

मी खाली बसलो.

"माहेरचं नाव कुणालाच माहीत नाही. नवऱ्याने कधी नावाने हाक मारली नाही, दिरानणंदा गेल्या. माहेर उरणकडे खाडीवर, मिठागरं होती त्यांची. आता तिथं कंटेनरच्या चवडी लागल्यात. माणसं कुठे कुठे गेली. वडिलांचं नाव राघो कडू आणि गावाचं नाव, एवढंच आमच्या घरात आठवत होतं. म्हटलं, त्या काळी त्या बाजूला मुलींची नावं काय ठेवत असतील ती सगळी गोळा करावीत. जो भेटेल त्याला विचारावं. आणि एकेक हाक मारून बघावी."

म्हणजे आमच्या पणज्या इथे येत होत्या. या खोलीत. रोज दुपारी.

"आणि मंजुळा?"

"मागच्या महिन्यात लागली. जुन्या साप्ताहिकात शाळेच्या बक्षीस समारंभाची बातमी. कुमारी मंजुळा राघो कडू, पाठांतरात पहिली. गाव तेच. मला वाटलं, झालं!" त्यांनी सासूबाईंचा पदर सारखा केला. "रोज हाक मारते. काही नाही. दुसरा कुणी राघो असेल."

"तुमचं त्यांच्यावर एवढं प्रेम..." मी म्हटलं.

"माझ्यावर फार राग होता त्यांचा. परजातीची, नोकरीवाली. वर्षभर बोलल्या नाहीत माझ्याशी. पण माझी संध्याकाळची ड्युटी असली की एसटी स्टँडवर येऊन उभ्या राहायच्या. मी उतरले की पुढे चालायला लागायच्या. घरापर्यंत एक शब्द नाही. कधी चुकल्या नाहीत." ताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मी एवढी माणसं एकमेकांना जोडून दिली हो आयुष्यभर. यांच्याशी बोलायचं तेवढं राहूनच गेलं, आणि बोलायला लागलो तर ही अशी लाइन गेली."

त्यांच्या आवाजातला ऑपरेटर त्या वेळी कुठेतरी गेला होता.

तेवढ्यात बाहेरून हाक आली. "ताई, हाव का घरात?" पाटील. आत डोकावले, हातात टोपी. मला बघून जरा अवघडले. "नाय, ते... गावाला गेलतो. आतेकडं इच्यारलं. आमचे पणजीचं नाव ठमाबाय. चिरनेरची. तेवढं सांगाला आयलो." भिंतभर वंशावळीचे मालक शाळेतल्या पोरासारखे उभे होते. "झाडावर लावतो आता तिला. जागा करतो."

ताईंनी डोळे पुसून त्यांना बसा म्हटलं. पाटलांनी खाटेकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. काय चाललंय ते मी थोडक्यात सांगितलं. ते ऐकून त्यांनी विचारलं, "कशी हाक मारता?"

ताईंनी मारून दाखवली. "मंजुळा... मंजुळाबाई..."

"अवो ताई!" पाटील कळवळलेच. "आशी कोन मारतं? ह्या मिठागरावरच्या. वारा असतो तिकडं. पोरगी असते लांब, बांधावर. आन तुमी तिला फोनवर बोलल्यासारखं..." त्यांनी टोपी खुर्चीवर ठेवली. घसा खाकरला. खाटेपासून चार पावलं मागे गेले, तोंडाभोवती हात धरले, आणि त्या लहानशा खोलीत, खाडीच्या पलीकडून मारावी तशी हाक दिली.

"ए मंजेऽऽऽ! मंजे गोऽऽऽ!"

शेजारच्या घरात कुणाचं तरी भांडं पडलं.

खाटेवरची मान वळली. सावकाश नाही, फटकन. बारीक, खरखरीत, पण ठसक्यातला आवाज आला.

"आयले ना! वरडतंस कशाला? आयकू येतंय मना!"

पाटलांचे हात तसेच तोंडाशी राहिले होते. म्हातारी त्यांच्याकडे रोखून बघत होती. "मीठ भरलं का?" तिने विचारलं.

"भरलं गो, भरलं," पाटील कसेबसे म्हणाले, आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

ताई खाटेपाशी गेल्या. गुडघ्यांचं काही दुखणं नव्हतं त्यांना, सरळ खाली जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, "मंजे."

म्हातारीने त्यांच्याकडे पाहिलं. केसांकडे, चष्म्याकडे, हातांकडे. ओळख पटली नव्हती, पण राग नव्हता.

"तू कोनाची गं?"

"तुझीच," ताई म्हणाल्या.

म्हातारीने यावर थोडा विचार केला. मग पातळ सावरून ती खाटेवर जराशी सरकली, आणि बाजूची चादर हाताने झटकून तिने ताईंना बसायला जागा करून दिली.